वांग्याचा जांभळा रंग आणि सूर्यप्रकाश



भाजीच्या टोपलींतून एक चांगलें जांभळें वांगें हातीं घ्या आणि चिरण्यापूर्वीं त्याच्या देंठापाशीं असलेली हिरवी टोपी नखानें हलकेच उचलून पाहा. टोपीच्या बाहेर साल शाईसारखी जांभळी आणि टोपीच्या आंत मात्र पांढरी किंवा फिकट हिरवट, असा देखावा बहुतेक वेळां आपल्या दृष्टीस पडेल. टोपीच्या कडेला जसे दांते असतात, तशीच दांतेरी रेघ त्या पांढऱ्या भागाची सीमा असते. जणूं कोणी रंगाऱ्यानें टोपी न काढतांच वांगें रंगविलें! घरोघरच्या गृहिणी हा पांढरा भाग रोज पाहतात. देंठ काढतांना तो विळीखालीं जातो, आणि त्याविषयीं विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. आज मी आपणांस त्या पांढऱ्या भागाचीच हकीकत सांगणार आहें. कारण वांगें जांभळें कां होतें, या प्रश्नाचें उत्तर तेथेंच लपलेलें आहे.

आधीं हा जांभळा रंग म्हणजे काय तें पाहूं. वांगें चिरलें कीं आंतील गर पांढरा असतो. जांभळा रंग असतो तो केवळ सालींत. ही साल सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिली तर ती असंख्य बारीक पेशींची बनलेली दिसते. प्रत्येक पेशींत पाणीदार रसानें भरलेली एक पिशवी असते, आणि सालीच्या वरच्या कांहीं थरांतील पेशींच्या पिशव्यांत जांभळें रंगद्रव्य विरघळलेलें असतें. या कुळांतील रंगद्रव्यांना अँथोसायनिन असें नांव आहे. मार्क्वार्ट नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८३५ सालीं ग्रीक भाषेंतील 'फूल' व 'निळा' या अर्थाचे दोन शब्द जोडून हें नांव तयार केलें. जांभूळ, कोकम आणि तांबडा कोबी यांचे रंगही याच कुळांतले. हीं द्रव्यें पाण्यांत विरघळतात. म्हणूनच तांबडा कोबी उकळला कीं पातेल्यांतील पाणी जांभळें होतें.

वांग्यांतील रंगद्रव्य शोधून काढण्याचें श्रेय एका जपानी विदुषीकडे जातें. चिका कुरोदा हें त्यांचें नांव. जपानांतील तोहोकु येथील शाही विद्यापीठानें १९१३ सालीं प्रथमच स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हां प्रवेश मिळालेल्या तीन स्त्रियांपैकीं त्या एक होत्या. पुढें तोक्यो येथें स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या उच्च शाळेंत रसायनशास्त्र शिकवीत असतां त्यांनीं वांग्याच्या सालींतील रंगद्रव्याचा अभ्यास केला, आणि त्यावरील त्यांचा निबंध १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. जपानी भाषेंत वांग्याला 'नासु' म्हणतात, म्हणून त्या द्रव्याला 'नासुनिन' असें नांव मिळालें. आपल्याकडील जांभळ्या वांग्यांतील द्रव्य त्याच घराण्यांतलें आहे. जपानी गृहिणी वांग्याचें लोणचें घालतांना त्यांत तुरटी किंवा लोखंडाचा खिळा टाकतात, तो या द्रव्याचा रंग टिकावा म्हणूनच. धातूचा अंश मिळाला कीं हें द्रव्य त्याच्याशीं जोडी जमवितें आणि रंग निळसर होऊन पक्का बसतो.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हें द्रव्य टोपीबाहेर आहे, मग टोपीखालीं कां नाहीं? कोणी म्हणेल कीं, तेथील साल मुळांतच निराळ्या जातीची असेल. पण टोपीच्या बाहेरची जी साल एरव्हीं हमखास जांभळी झाली असती, ती फळ कोवळें असतांनाच काळ्या कागदानें झांकून ठेविली तर तीही पांढरीच राहते. आणि पुढें कागद काढला कीं कांहीं दिवसांत तिच्यावर रंग चढूं लागतो. तेव्हां फरक सालींत नाहीं, तो झांकण्या-न झांकण्यांत आहे. टोपी काय किंवा कागद काय, दोहोंचें काम एकच : प्रकाश अडविणें.

दुसरा कोणी अधिक विचार करून म्हणेल, "वनस्पतींचें अन्न प्रकाशांत तयार होतें हें आम्हीं शाळेंत शिकलों आहोंत. अंधारांत तो भाग उपाशी राहिला, म्हणून रंगला नाहीं." हा तर्क ऐकावयास बरा वाटतो, पण तो टिकत नाहीं. सबंध वांगें झांकून ठेविलें तरी तें वाढतें, गर धरतें, बिया धरतें. त्याचें अन्न पानें तयार करतात आणि देंठावाटे तें फळाकडे पोंचतें. उपाशी फळ वाढलें नसतें. हें झांकलेलें फळ पोटभर जेवून वाढलेलें असतें. उणें असतें तें फक्त रंगाचें.

येथें वनस्पतिजीवनांतील एक मोठें तत्त्व आपल्या हातीं लागतें. प्रकाशाचें झाडाशीं नातें दोन प्रकारचें आहे. पानाला प्रकाश म्हणजे अन्न. वांग्याच्या सालीला प्रकाश म्हणजे बातमी. अन्न जितकें अधिक तितकें पोषण अधिक. पण बातमी थोडी असली तरी ती मोठमोठे कारखाने सुरू करूं शकते. "बाहेर उजेड आहे" ही बातमी सालीच्या पेशीला मिळते, आणि मग पेशी स्वतःजवळच्या सामग्रींतून रंग तयार करण्यास लागते. प्रकाश स्वतः कांहीं रंग आणून लावीत नाहीं. तो हुकूम देतो. रंगाचें काम पेशीचें.

बातमी कळावयाची म्हणजे ती ऐकणारा कोणी तरी पाहिजे. वनस्पतीला डोळे नाहींत, मग उजेड पडला हें तिला कळतें कसें? या प्रश्नाचा उलगडा करण्यांत भाज्यांचाच वाटा मोठा आहे. अमेरिकेंत मेरीलँड प्रांतांत बेल्ट्सव्हिल या गांवीं सरकारी शेतकी संशोधनाचें मोठें केंद्र आहे. तेथें बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं लेट्यूस नांवाच्या सॅलडच्या भाजीच्या बियांवर एक नवलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. ओल्या बियांवर अंधारांत थोडा वेळ तांबडा प्रकाश पाडला तर त्या रुजतात. पण त्या पाठोपाठ तांबड्याच्या अगदीं कडेचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद तांबडा प्रकाश पाडला तर रुजण्याचा बेत रद्द होतो. असे तांबडे व गडद तांबडे प्रकाश आळीपाळीनें कितीही वेळां दिले तरी शेवटीं जो पडेल तोच खरा ठरतो. यावरून बियांत एखादें असें द्रव्य असलें पाहिजे, जें दाराच्या कडीप्रमाणें एका प्रकाशानें उघडतें आणि दुसऱ्यानें मिटतें, असा तर्क त्यांनीं केला.

मग पाळी आली जांभळ्या भाज्यांची. सलगम नांवाचा मुळ्याच्या कुळांतील कंद आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याच्या एका प्रसिद्ध जातींत डोक्याकडील भाग जांभळा आणि खालचा भाग पांढरा असतो. यांतील गंमत अशी कीं, जेवढा भाग जमिनीच्या वर डोकावतो तेवढाच जांभळा होतो. मातींत गाडलेला भाग पांढरा राहतो. वांग्याला जशी हिरवी टोपी, तशी सलगमाला माती. बेल्ट्सव्हिल येथील सीगलमन व हेंड्रिक्स यांनीं १९५७ सालीं सलगम आणि तांबडा कोबी यांच्या कोवळ्या रोपांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाडून कोणत्या प्रकाशांत जांभळें द्रव्य किती तयार होतें हें मोजलें. बीं रुजण्यास प्रकाशाची झुळूक पुरते. रंग येण्यास मात्र बराच वेळ आणि बऱ्याच तीव्रतेचा प्रकाश लागतो, असें त्यांना आढळलें. पुढें १९५९ सालीं त्याच केंद्रांत त्या कडीसारख्या द्रव्याचें अस्तित्व यंत्राच्या साहाय्यानें प्रत्यक्ष सिद्ध झालें. त्याला फायटोक्रोम असें नांव मिळालें. तें सुमारें ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश आणि सुमारें ७३० नॅनोमीटरचा गडद तांबडा प्रकाश टिपतें.

पण पेशीच्या दाराशीं हा एकच पहारेकरी नाहीं. निळा प्रकाश ओळखणारा दुसरा पहारेकरी आहे. त्याचें नांव क्रिप्टोक्रोम. मोहरीच्या कुळांतील एका बारीकशा रोपट्याचा अभ्यास करतां करतां १९९३ सालीं त्याचा पत्ता लागला. आणि तिसरा पहारेकरी आहे तो डोळ्यांना मुळींच न दिसणारे अतिनील किरण ओळखणारा. इंद्रधनुष्यांत जांभळा पट्टा संपतो त्याच्याही पलीकडचे हे किरण. आपल्या त्वचेला उन्हाचा चटका बसतो तो मुख्यतः यांच्यामुळें. या तिसऱ्या पहारेकऱ्याची ओळख अगदीं अलीकडे, म्हणजे २०११ सालीं पटली. वांग्याच्या सालीवर निळा प्रकाश आणि अतिनील किरण यांचा प्रभाव विशेष आहे. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचा उपयोग होणार आहे.

पहारेकऱ्यानें बातमी आणली, पुढें काय? पेशीच्या केंद्रकांत अंधारांत एक प्रथिन सतत झाडलोट करीत असतें. शास्त्रज्ञ त्याला कॉप-१ म्हणतात. "रंगाचा कारखाना सुरू करा" असा हुकूम देणारीं जीं दुसरीं प्रथिनें, तीं तयार झालीं कीं हें झाडलोट करणारें प्रथिन त्यांना मोडीत काढावयास लावतें. हुकूम देणारेच शिल्लक उरत नाहींत, मग कारखाना चालणार कसा? प्रकाश पडतांच पहारेकरी या झाडलोट करणाऱ्याला आवरतात. मग हुकूम देणारीं प्रथिनें साचूं लागतात, त्यांच्या आज्ञेनें रंगासंबंधींचीं जनुकें जागीं होतात, आणि एन्झाइम नांवाचे कारागीर तयार होतात. फेनिल-अलानिन नांवाचें एक साधें अमिनो आम्ल हा त्यांचा कच्चा माल. एका कारागिराच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जात जात त्याचें रूप पालटतें, शेवटीं त्याला साखरेची जोड मिळते, आणि तयार झालेलें जांभळें द्रव्य पेशींतील रसाच्या पिशवींत सांठविलें जातें. एवढा खटाटोप असल्यामुळें रंग दिवा लावल्याप्रमाणें क्षणांत येत नाहीं; त्याला दिवस लागतात. आणि एकदां सांठविलेला रंग सांवली आली म्हणून लगेच नाहींसाही होत नाहीं.

मौजेची गोष्ट अशी कीं, ही व्यवस्था उघडण्याची नसून मुख्यतः अटकाव काढण्याची आहे. रंग तयार करण्याची ऐपत पेशींत जन्मतःच असते. अंधार ती दाबून ठेवतो आणि प्रकाश तो दाब उठवितो. यावरून एक गोष्ट ओघानेंच येते. ज्या जातींत ही ऐपतच नाहीं, तिला प्रकाश कितीही मिळाला तरी ती जांभळी होणार नाहीं. खानदेशांतील जळगांवकडचें भरताचें वांगें प्रसिद्ध आहे. २०१६ सालीं त्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. खानदेशांतील ऊन किती कडक असतें हें काय सांगावयास पाहिजे? पण त्या रणरणत्या उन्हांत वाढूनही तें वांगें हिरवट पांढरेंच राहतें. हुकूम आहे, पण तो बजावणारे कारागीर नाहींत. उलट, जांभळ्या वांग्यांच्या कांहीं जाती अशा आहेत कीं, त्यांच्या टोपीखालींही साल जांभळी असते. त्यांना प्रकाशाच्या हुकुमाची तितकी गरज उरलेली नाहीं. हे दोन्ही गुण आनुवंशिक आहेत. बियांतून ते पुढच्या पिढींत उतरतात.

येथें कोणी विचारील, कोनफळाचें काय? हा प्रश्न रास्त आहे. कोनफळाचा कंद जन्मभर मातीखालीं असतो, तरी त्याचा गर जांभळा असतो. उत्तरेकडे ज्याची कांजी करतात तें काळें गाजर आणि जांभळें रताळें हींही मातीच्या अंधारांतच रंगतात. या सर्वांत रंगद्रव्य वांग्याच्याच कुळांतलें, म्हणजे अँथोसायनिनच आहे. पण त्यांच्यांत रंगाचा हुकूम बाहेरून येत नाहीं. कंद वाढूं लागला कीं झाडाची आंतली व्यवस्थाच तो देते. कारखाना एकच, पण कोठें त्याची किल्ली उन्हाच्या हातीं, तर कोठें झाडाच्या स्वतःच्या हातीं. बीटाचा कंद मात्र या चर्चेंत आणूं नये. त्याचा रंग दिसावयास जवळचा असला तरी तें द्रव्य अगदीं निराळ्या कुळांतलें आहे, आणि ज्या वनस्पतींत तें असतें त्यांत अँथोसायनिन आढळत नाहीं.

मग ऊन जितकें अधिक तितका रंग अधिक, असें समजावें काय? तसेंही नाहीं. उन्हाबरोबर उष्णताही येते, आणि फार उष्म्यांत हें रंगद्रव्य कमी तयार होतें व तयार झालेलें टिकतही कमी. स्वच्छ प्रकाश आणि माफक गारवा ही जोडी रंगाला सर्वांत मानवते. म्हणून हिंवाळ्यांतील वांग्याची जी गडद चकाकी, ती ऐन वैशाखांत तितकी उतरत नाहीं.

झाड एवढा खटाटोप करतें तरी कशासाठीं? आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते हें आपण दरवर्षीं पाहतों. पान जून होऊन हरितद्रव्यानें भरलें कीं ती तांबूस झांक जाते. कोवळ्या, नाजूक पेशींना प्रखर उन्हाचा आणि अतिनील किरणांचा उपद्रव होऊं नये म्हणून हीं रंगद्रव्यें व त्यांचीं भावंडें छत्रीसारखीं काम करतात, असें शास्त्रज्ञ मानतात. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे टोपीखालचा पांढरा भाग आळशी नसून काटकसरी आहे असें म्हणावें लागेल. सांवलींत छत्री उघडून बसण्याचें कारणच काय?

एवढें ऐकल्यावर आपण विचाराल कीं, या सर्वांचा आमच्या संसाराला उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो रोजच्या बाजारांतला आहे. मंडईंत आपण वांगीं निवडतों तेव्हां फिकट डाग दिसला कीं तें फळ बाजूला सारतों. गिऱ्हाईक बाजूला सारतें, म्हणून त्या मालाला भाव कमी येतो, आणि तो तोटा शेवटीं पिकविणाऱ्याच्या पदरीं पडतो. वस्तुतः तो डाग पुष्कळदां सांवलीचा असतो. एखादें पान फळाला चिकटून राहिलें, दोन फळें एकमेकांस टेकून वाढलीं, किंवा फळ जमिनीला लागलें, म्हणजे तेवढ्या भागाला प्रकाशाची बातमी पोंचत नाहीं आणि तो फिकट राहतो. पानाचा आकार सुद्धां कधीं कधीं सालीवर उमटलेला दिसतो. असा डाग असलेल्या ठिकाणीं साल घट्ट, तुकतुकीत आणि सपाट असेल तर फळांत कांहीं एक दोष नाहीं. गर तोच, चव तीच.

मात्र सर्वच फिकेपणा निर्दोष नसतो, हेंही सांगितलें पाहिजे. सबंध फळच निस्तेज, पिवळट किंवा तपकिरी झालें असेल तर तें जून झालेलें असतें. त्यांत बिया निबर आणि चव कडसर निघण्याचा संभव असतो. डाग खोलगट, मऊ किंवा ओलसर असेल तर ती कूज होय. आणि सालीवर टांचणीच्या टोंकाएवढें भोंक असेल तर वांगें कितीही गडद जांभळें असो, आंत अळी असण्याचा संभव आहे. रंगाकडे पाहून या अळीचा पत्ता लागत नाहीं. तात्पर्य, रंग ही प्रकाशाची नोंद आहे. ती वाचावी, पण तिला गुणाचें प्रशस्तिपत्रक समजूं नये.

जपानी लोक ही नोंद मोठ्या चातुर्यानें वाचतात. वांगें वाढतें तें मुख्यतः टोपीकडच्या बाजूनें. टोपीखालून नुकताच बाहेर सरकलेला भाग अजून रंगलेला नसतो, म्हणून टोपीच्या कडेशीं एक पांढरा पट्टा दिसतो. फळ झपाट्यानें वाढत असलें कीं पट्टा रुंद, वाढ मंदावली कीं अरुंद. असा रुंद पट्टा दिसला कीं फळ जोमानें वाढत असतां तोडलेलें व ताजें आहे असें ते समजतात. आपल्याकडे जो भाग उणेपणाचा वाटतो, तोच त्यांना ताजेपणाची खूण वाटतो.

भरताचा विचार केला तर आपला रंगाविषयींचा आग्रह अधिकच गमतीचा वाटेल. पारखून पारखून गडद जांभळें वांगें आणावयाचें, तें विस्तवावर भाजावयाचें, आणि ज्या सालींत तो सगळा रंग आहे ती सोलून केरांत टाकावयाची! रंगाचीच किंमत मोजली असेल तर ती पहिल्या पांच मिनिटांतच जळून गेली. भरल्या वांग्यांत निदान साल पोटांत तरी जाते.

जांभळ्या भाज्यांचें माहात्म्य हल्लीं फार ऐकूं येतें, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. या रंगद्रव्यांत इतर पदार्थांचें हवेंतील प्राणवायूनें होणारें बिघडणें रोखण्याची शक्ति आहे, हें परीक्षानळींत दिसून आलेलें आहे. पण परीक्षानळींत जें घडतें तें पोटांत तसेंच घडेल असें नाहीं. हीं द्रव्यें आपल्या शरीरांत तशींच्या तशीं थोड्याच प्रमाणांत शोषलीं जातात. भाज्या खाव्या, सालीसकट खातां येतील त्या सालीसकट खाव्या, हा जुना उपदेश चांगलाच आहे. परंतु फिकट डागाच्या वांग्यानें आपलें कांहीं बुडालें असें मानण्याचें कारण नाहीं.

शहरांत गॅलरींत किंवा गच्चीवर कुंड्यांतून भाज्या लावण्याची हौस वाढत आहे. त्यांच्यासाठीं मघाशीं सांगितलेली गोष्ट उपयोगी पडेल. खिडकीची साधी कांच दिसणारा प्रकाश आंत येऊं देते, पण अतिनील किरणांपैकीं जे अधिक प्रखर असतात ते जवळजवळ सर्व अडविते. कांचेआड ठेविलेलें वांग्याचें झाड आपल्या डोळ्यांना लख्ख उजेडांत दिसेल, तरी त्याच्या तिसऱ्या पहारेकऱ्याच्या दृष्टीनें तेथें अंधारच असतो. जपानांत प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालीं भाज्या पिकविणाऱ्यांना याचा चांगलाच प्रत्यय आला. अतिनील किरण अडविणारें आच्छादन वापरलें तर कांहीं कीटकांचा व बुरशींचा उपद्रव कमी होतो. पण त्याखालीं वांग्याला नीट रंग चढत नाहीं, म्हणून वांग्यासाठीं तें टाळावें लागतें. तेव्हां गॅलरींतील वांगीं फिकट येत असतील तर आधीं खताला दोष न देतां कुंडी कांचेबाहेर, उघड्या उन्हांत ठेवून पाहावी.

शेवटीं, घरांतील मुलांना करतां येईल असा एक प्रयोग सांगतों. कुंडींत वांग्याचें झाड असेल तर प्रथम त्याच्या एखाद्या तयार फळाची टोपी उचलून पाहा. खालीं पांढरें असेल तरच प्रयोग साधेल. खालींही जांभळें असेल तर ती जात प्रकाशाची वाट पाहणारी नव्हे. मग सुपारीएवढीं दोन कोवळीं फळें निवडा. एका फळाभोंवतीं चॉकलेटचा चंदेरी कागद सैलसर गुंडाळा आणि दोऱ्यानें बांधा. फळ वाढेल तसा तो सैल करीत जा. कागद चंदेरी घ्यावयाचा तो अशासाठीं कीं, काळा कागद उन्हांत तापून फळ भाजण्याची भीति असते. दुसऱ्या फळाभोंवतीं तसाच, पण पारदर्शक कागद बांधा. हें दुसरें फळ विसरूं नये. कारण त्याच्यावांचून "कागद बांधल्यामुळेंच रंग गेला असेल" या शंकेला उत्तर देतां येणार नाहीं. फळें पुरतीं वाढलीं कीं दोन्ही कागद काढा आणि तीं शेजारीं शेजारीं धरून पाहा. मुलाला अधिक हौस असेल तर चंदेरी कागदांत आपल्या नांवाचें पहिलें अक्षर कापून तेवढीच खिडकी ठेवावी. पांढऱ्या वांग्यावर जांभळें अक्षर उमटेल. आणि मग झांकलेलें फळ लगेच न तोडतां झाडावरच उघडें राहूं द्यावें, म्हणजे त्या अक्षराभोंवतीं रंग रोज थोडा थोडा कसा भरत जातो आणि शेवटीं अक्षर कसें पुसट होतें, हेंही मुलांना आपल्या डोळ्यांनीं पाहतां येईल. रोज एकाच वेळीं पाहून वहींत टिपून ठेवावें. कोणत्या दिवशीं पहिली जांभळी झांक दिसली हें त्या वहीवरून कळेल. प्रयोग संपला कीं त्या वांग्यांची भाजी करण्यास कांहीं हरकत नाहीं.